माझ्या वाट्याला आलेलं औषध

पहिल्यांदा माझी मूठ पूर्ण मिटली, तेव्हा मी ती पदराखाली लपवली.

धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात मी होते. सकाळी सिस्टरने चहाचा पेला पुढे केला. कित्येक वर्षं मी पेला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलत आले होते, बोटांचा त्यात काही उपयोग नसायचा. त्या दिवशी उजव्या हाताची बोटं पेल्याभोवती आपणहून वळली. मी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलून पाहिला. मग हात पदराखाली नेऊन हळूच मूठ आवळली. दुखलं, पण मिटली. मला रडू फुटणार तेवढ्यात शेजारच्या खाटेकडे लक्ष गेलं. तिथे धुळे तालुक्यातल्याच एका खेड्यातली अक्का बसली होती, आणि तिची सून तिला चहात बुडवलेला टोस्ट भरवत होती. आम्हा दोघींना एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये सलाईन लागलं होतं. तिचे हात मांडीवर तसेच वाकडे पडले होते.

मी रडले नाही. सुनेनं विचारलं, "बाई, तुम्हाले काही फरक?" तर मी म्हटलं, "बघू."

नव्वदीच्या शेवटाकडची ही गोष्ट. मी जळगावला प्राथमिक शाळेत शिकवत होते. पिंप्राळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि नवरा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होता. धाकटी मुलगी झाल्यावर माझे सांधे धरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर तासभर तरी मी माझी नसायची. फळ्यावर लिहायचं तर खडू दगडासारखा मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवायचा. वर्गातली मुलं माझ्या अक्षराला हसायची, मग सवय झाली त्यांना. मुलीची वेणी शेजारीण घालायची. सोन्याची इंजेक्शनं झाली, आठवड्याच्या गोळ्या झाल्या, भडगावकडच्या एका वैद्याच्या पुड्या झाल्या. पुड्यांनी मी महिनाभर पळत सुटले आणि मग चेहरा फुगून चंद्रासारखा झाला. आमच्या जळगावच्या डॉक्टरांनी पुडी बोटावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "यात स्टेरॉइड आहे, दुसरं काही नाही."

त्याच डॉक्टरांनी धुळ्याचं सांगितलं. मुंबईत नाव काढलेले एक सांध्यांचे डॉक्टर मूळचे धुळ्याचे होते. नवीन जातीच्या एका औषधाची तपासणी त्यांनी आपल्या गावातल्या रुग्णालयातही ठेवून घेतली होती, कारण खान्देशातली संधिवाताची माणसं मुंबईच्या गाडीत चढू-उतरू शकत नव्हती. परदेशात ते थोड्या लोकांना देऊन झालं होतं. आता आपल्याकडच्या माणसांना सोसतं का, ते बघायचं होतं.

नवरा म्हणाला, "जाऊन तरी येऊ." सासूबाई यावलकडच्या केळीच्या मळ्यातून मुद्दाम आल्या. औषध उंदराच्या पेशींपासून करतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या म्हणाल्या, "उंदराचं रगत अंगात घालतीन, आन् मंग तू घरातलं धान कुरतडशीन." आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत.

धुळ्याचे ते डॉक्टर मात्र सरळ बोलणारे होते. आम्हा सगळ्या रुग्णांना एकत्र बसवून त्यांनी समजावलं, "सांध्यांतली सूज शरीरातला एक पदार्थ भडकवत ठेवतो. हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी आहे. ती त्या पदार्थाला जाऊन धरते आणि निकामी करते. काही भाग उंदराकडून घेतलेला आहे, बाकीचा माणसासारखा केला आहे. उंदराचं रक्त यात नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हाला बरं करायला हे चाललेलं नाही, हे नीट ऐका. त्रास होतो का, कसला होतो, ते बघायला चाललंय. काहींना औषध मिळेल, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. कोणाला काय, ते मलाही माहीत नसेल. कधीही नको वाटलं तर उठून घरी जा."

आम्ही मान डोलावली. मला त्यातलं 'नवीन औषध' एवढंच ऐकू आलं. बाकीच्यांचंही तेच झालं असावं.

जळगावहून एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं. हॉलमध्ये ओळीने खुर्च्या टाकलेल्या असत आणि बाया-पुरुष सगळे हाताला नळी लावून बसलेले. सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन ताप बघायची, रक्तदाब बघायची, घसा खवखवतो का, छाती भरून येते का विचारायची. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये इंजेक्शनं भरून ठेवलेली असायची. ती कशासाठी ते दुसऱ्या खेपेला कळलं. माझ्या समोरच्या खुर्चीत अमळनेरचे एक नाना बसले होते. बोलता बोलता ते मान खाजवू लागले, बघता बघता गळ्यावर, हातांवर गांधी उठल्या आणि त्यांना धाप लागली. सिस्टरने नळी बंद केली, डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात नाना सावरले, पण उठून चपला घालून जे गेले ते परत आले नाहीत. आम्ही उरलेले आपापल्या बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिलो.

औषध दिल्यावर चार-पाच दिवस वॉर्डात ठेवून घेत. रोज रक्त काढत. तिथेच माझी आणि अक्काची गट्टी जमली. ती मला मास्तरीण म्हणायची. साठीच्या आतबाहेरची, रंगानं काळीसावळी, कपाळावर हिरवं गोंदण. गावात कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं असं सून सांगायची. आता तिला स्वतःचं लुगडंही नेसता येत नव्हतं. रोज सकाळी सून निऱ्या घालून, काष्टा मारून द्यायची आणि तेवढा वेळ अक्का छताकडे बघत उभी राहायची. एकदा तिनं मला सांगितलं, "मास्तरीण, माले काहीच नको. मन्हं लुगडं मी नेसी लेवाले पाहिजे, बस."

माझा हात मी जास्त दिवस लपवू शकले नाही. दुसऱ्या सलाईनच्या वेळी मी नळाखाली पातेलं घासत होते आणि मागे अक्का येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"तुले खरं औषध भेटनं व!" ती म्हणाली. तिच्या आवाजात हेवा असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच हसत होती. माझा हात आपल्या दोन्ही वाकड्या हातांत घेऊन तिनं बोटं उलटसुलट करून पाहिली, जशी नव्या जनावराची पारख करावी. मग सुनेला हाक मारली, "देख व माय, देख. मास्तरीणना हात देख."

मी म्हटलं, "अक्का, तुम्हालाही येईल गुण."

"मन्हामा पाणीच सोडतस ह्या," ती म्हणाली. "बठ्ठं पाणी शे."

तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. डॉक्टरांना अजून अधिकृतपणे माहीत नव्हतं, एवढंच. घरी जाऊन मी मुलीची वेणी घातली, पोळ्या लाटल्या. शाळेत फळ्यावर सुविचार लिहिला तर मुलं अक्षर बघून गप्प झाली. आणि या सगळ्यात मला सारखं वाटायचं की एका बाईच्या ताटातलं उचलून मी खातेय. कोणी तरी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, माझी चिठ्ठी निघाली होती. त्यात माझी काय कमाई? मी तिच्यापेक्षा लहान, शिकलेली, घरात नळ असलेली. बरं होण्याची गरज तिला माझ्यापेक्षा कमी नव्हती.

तिसऱ्या खेपेला अक्का आली ती निरोप घ्यायलाच. कापूस वेचणीचे दिवस होते, सून एकटी पडत होती. "घर जास मी आते," म्हणाली. "पाणी पेवाले इतलं दूर काब्रं येवानं?"

कशाला यायचं, हे तिचं खरंच होतं. मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा टप्पा संपला की पाणी मिळालेल्यांनाही खरं औषध देणार आहेत. मी तेच तिला सांगितलं. "अक्का, थोडे दिवस काढा. एवढं सोसलंत, आणि आता ऐन वेळी जाता? माझं बघा ना." आणि मी तिच्यासमोर मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. ती त्या मुठीकडे बघत राहिली. मग खाटेवर बसली आणि सुनेला म्हणाली, "पिशवी ठेव."

मी खोटं काही बोलले नव्हते. मला ती बरी व्हायला हवी होती, आणि माझ्या बरं होण्याचं ओझं मला हलकं करायचं होतं. या दोन्हीतलं कुठलं जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढल्या टप्प्यात अक्काला औषध मिळालं. दुसऱ्या सलाईननंतरची गोष्ट आहे. आम्ही तपासणीसाठी हॉलमध्ये जमलो होतो, आणि दारातून अक्का एकटी आत आली. सून मागे राहिली होती, मुद्दाम. लुगडं एका बाजूनं वर चढलेलं, काष्टा सैल, निऱ्या कशातरी खोचलेल्या. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि एकदा पुढून, एकदा मागून सगळ्यांना दाखवलं. "मी नेसनू," ती म्हणाली. "मी सोता." सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. मी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले आहेत, तसा दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या हातांचा मोकळेपणाने आनंद झाला.

ते फार दिवस टिकलं नाही.

नंतरच्या खेपेला धुळ्याच्या स्टँडवर आम्ही भेटलो. मी जळगावच्या गाडीतून उतरले होते, ती गावाकडून आली होती. उसाचा रस घेऊ म्हणून बसलो. ती पेल्याला तोंड लावेना. मला ती सुकल्यासारखी वाटली. गळ्याची हाडं वर आली होती, पण पोट मात्र लुगड्यातून पुढे दिसत होतं.

"अक्का, बरं नाही का?"

"काही नही."

"जेवण जातं ना?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. सून बाजूला मोसंबी घेत होती. "दिन बुडना का माले ताप येस," ती हळूच म्हणाली. "पोट जड लागस. पण तू कोणले सांगू नको. औषध बंद करी टाकतीन ह्या."

"रोज येतो ताप?"

"सांगू नको, मास्तरीण. मन्हा हात आते कोठे मन्हा व्हयनात."

स्टँडपासून आम्ही रिक्षाने रुग्णालयात गेलो. हॉलमध्ये सिस्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, ताप, खोकला, काही? अक्का म्हणाली, काही नही. सिस्टर पुढे गेली. तेव्हा अंगात ताप नव्हताच, थर्मामीटरही तिच्याच बाजूनं बोलला. सिस्टर बाटली लावायला घेणार होती.

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "अक्काला रोज संध्याकाळी ताप येतो. पोट फुगलंय. ती सांगणार नाही. आजचं औषध देऊ नका."

डॉक्टर ताडकन उठले. बाहेर येऊन त्यांनी अक्काला खाटेवर झोपवलं, पोट चाचपलं, एका बाजूनं टकटक करून पाहिलं. बाटली लागली नाही. अक्का झोपल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती. मी नजर भिंतीकडे वळवली.

क्षय निघाला. छातीत नव्हता, सुरुवातीला काढलेला छातीचा फोटोही साफ होता, खोकला नव्हता. तो पोटात होता. डॉक्टरांनी नंतर आम्हाला सांगितलं की आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात क्षयाचे जंतू लहानपणापासून गप्प पडून असतात. त्यांना शरीर ज्याच्या जोरावर दाबून धरतं, त्यात तोच पदार्थ असतो ज्याला हे औषध निकामी करतं. औषधानं सांध्यांतली आग विझते, पण त्यासोबत तो पहाराही उठतो. हे असं होऊ शकतं असा संशय होता, पण किती आणि कोणाला, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "हे कळावं म्हणूनच ही तपासणी होती." बोलताना त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. मला एकदम आठवलं की पहिल्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं होतं, स्वच्छ शब्दांत. म्हणजे काहीच चुकलं नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं होतं.

वरून निरोप आला आणि धुळ्यातली तपासणी थांबवली गेली. सगळ्यांचंच औषध बंद झालं. शिरपूरची एक शिंपीण माझ्याशी भांडली. "तुमचं काय बिघडलं होतं? गप्प बसता आलं नाही?" असं ती मला भर हॉलमध्ये म्हणाली. ती पुन्हा मशीनवर बसायला लागली होती. दोन-तीन महिन्यांत माझीही बोटं परत धरायला लागली. खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडं बरंच वाटलं, जणू घेतलेलं कोणी तरी परत नेत होतं.

अक्काला भेटायला मी दिवाळीच्या सुट्टीत तिच्या गावी गेले. नवरा सोबत यायला तयार होता, मी नको म्हटलं. ओट्यावर बाजेवर ती बसली होती. क्षयाची औषधं चालू होती, तोंडावर जरा तकाकी आली होती. ताप गेला होता, पोट उतरलं होतं. हात मात्र पूर्वीपेक्षाही जास्त वळले होते, अंगठे आत गेले होते. मला बघून ती हसली नाही.

"बठ," म्हणाली. सुनेला सांगितलं, "च्या ठेव."

मी सीताफळं नेली होती, ती खाली ठेवली. समोर अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि तिची नात त्यात लोळत होती.

मग अक्का बोलली. "तुन्हं तुले भेटनं. मन्हं काब्रं काढी लिन्हं?"

"अक्का, तुम्ही मेल्या असतात."

"मरी जाती ते मरी जाती. मन्हा हातघाई मरी जाती."

हात आपले असताना मेले असते, असं ती म्हणाली. माझे हात पुन्हा धरायला लागलेत हे मी तिला सांगणार होते, पण ते सांगणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं झालं असतं. चहा आला. सुनेनं तिला बशीतून पाजला. मी माझा पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलला तेव्हा अक्कानं ते पाहिलं. निघताना ती सुनेला म्हणाली, "मास्तरीणले शेंगा बांधी दे." सुनेनं फडक्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. त्या मी पारोळ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. माझ्या मुलींनी त्या खाल्ल्या, माझ्याच्यानं खाववल्या नाहीत.

त्यानंतर मी दोनदा जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा गेले नाही. शाळा होती, मुलीची परीक्षा होती. कारणं खरी होती.

काही वर्षांनी ते औषध दवाखान्यांत येऊ लागलं. जळगावच्याच एका तरुण डॉक्टरांनी मला ते सुचवलं. इंजेक्शनआधी छातीचा फोटो काढायला लावला, हातावर टोचून क्षयाची चाचणी केली, घरात कोणाला खोकला होता का ते विचारलं, पोट तपासलं. म्हणाले, "हे आम्ही नेहमीच करतो, घाबरू नका. आधी तपासलं की धोका बराच कमी होतो." किती सहज म्हणाले. मी त्यांना अक्काबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर रुग्णांची रांग बघून मिटलं.

अक्काचा मुलगा मला त्यानंतर एकदा भेटला, अमळनेरच्या एका लग्नात. त्यानंच ओळखलं. अक्का गेल्याचं मला तेव्हा कळलं. क्षयानं नाही, तो पुरता बरा झाला होता. मागल्या पावसाळ्यात छातीत दुखून ती गेली होती. आम्ही मांडवाच्या कडेला उभे होतो. बँडवाले जोरात वाजवत होते, म्हणून तो माझ्या कानाशी वाकून बोलत होता.

मी विचारलं, "माझं कधी नाव काढायची का?"

"काढे ना. रोज काढे एक टाइमले," तो म्हणाला. "कधी म्हणे, ती मास्तरीण नही सांगती ते मी तवयच मरी जाती, नातूनं तोंड दिखतं नही. आन् कधी हात दुखनात का म्हणे, तिनी सांगं नसतं ते आखो थोडा दिन मन्हा हात मन्हा ऱ्हातात."

"शेवटी काय म्हणायची?"

तो विचारात पडला. आठवायचा त्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे मला दिसत होतं. "दोन्ही म्हणे, बाई," तो म्हणाला. तेवढ्यात कोणी तरी त्याला पंगतीसाठी हाक मारली, आणि मला जेवायचा आग्रह करून तो घाईघाईनं निघून गेला.